नोंद: नळ बंद, मीटर चालू

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या दारातलं पाणी वाचलं.
खणभाग, वखारभाग, शंभरफुटीपलीकडच्या वसाहती;
काचेवरची धूळ रुमालानं पुसायची, आकडा वहीत.
कुत्रं असलं तर फाटकाबाहेरून, अंदाजे.
निवृत्तीला शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि घरच्या सिंकखाली थेंब पडतोय
हे त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा ऐकू आलं.
"कधीपासून?" विचारलं.
हेमलता म्हणाली, "तुम्ही नोकरीवर होता तेव्हापासून."

आयर्विनखाली कृष्णा चढते तेव्हा सगळ्या सांगलीला फूट पाठ असतात.
पस्तीस झाले, चाळीस झाले,
रिक्षावालासुद्धा वर इंच सांगतो.
ह्या पाण्याला कुणी पट्टी लावत नाही.
सांध्यातून ते ज्वारीच्या दाण्याएवढं डोकं काढतं,
थांबतं,
आणि मग पडतं.

आधी मुंग्या आल्या. आम्ही हळद टाकली,
हळदीच्या गावात दुसरं काय टाकणार?
त्या हळदीला वळसा घालून गेल्या, रांग न मोडता.
मग झुरळं. रात्री दिवा लावला की
घंटा झालेल्या शाळेसारखी पांगायची.
खडू ओढला, गोळ्या ठेवल्या, फवारा मारून मीच खोकलो.
मेलेली सुपलीत भरावीत, तोवर त्यांचे पाहुणे हजर.
हेमलता चहा गाळता गाळता म्हणाली,
"पाणपोई उघडून ठेवलीय
आणि येणाऱ्याला काठीनं मारताय."
मला राग आला.
बरोबर बोललं की येतो, तसा.

श्रावणात भिंतीतलं कपाट उघडलं.
माझ्या जुन्या डायऱ्यांवरून मातीची एक नळी चढलेली,
पेन्सिलीएवढी, सरळ, कुणी पट्टीनं आखल्यासारखी.
नखानं फोडली. आत वाळवी, पांढरी, कामात गढलेली.
चौऱ्याण्णव सालची डायरी हातात घेतली:
पुठ्ठा शाबूत, आत माती.
कुणी किती पाणी वापरलं,
सगळ्यांचं आता सारखंच.

त्या रात्री घरातले सगळे नळ बंद केले,
बॅटरी घेऊन स्वतःच्याच मीटरपाशी उकिडवा बसलो.
काचेआडची छोटी लाल चक्री
फिरत होती.
कुणी पाणी पीत नव्हतं, कुणी आंघोळ करत नव्हतं.
फिरत होती.

दस्तगीर मिरजेहून आला, सिंकखाली अर्धा शिरला.
"काका, भिंत पाणी प्यालीय," आतून म्हणाला.
वॉशर काढून तळहातावर ठेवला, तडकलेला, काळा,
जुन्या चपलेच्या अंगठ्यासारखा.
नवा पंधरा रुपयांचा.
आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, पाईप शिरतो ते भोक सिमेंटनं बुजवलं.
"वाळवीचं औषध नंतर. आधी भिंत वाळू द्या,
महिनाभर कपाट रिकामं, पंखा चालू."
जाता जाता गच्चीवर चढला,
टाकीचं झाकण दगडाखाली दाबलं,
संडासच्या उंच पाईपाच्या तोंडाला जाळी बांधली.
"डासांचं माहेर," म्हणाला. पैसे मात्र वॉशरचेच घेतले.

आता जेवणं झाली की सिंक मी कोरडं पुसतो.
हेमलता बघते, हसत नाही, हे विशेष.
फरशीचं फडकं पिळून दोरीवर,
फ्रिजमागची ताटली रविवारी पालथी.
कुंडीखालच्या बशीत तर काय काय वळवळत होतं,
आणि आम्ही म्हणत होतो, जास्वंद कशी टवटवीत आहे.

झुरळं गेली. कुठं गेली, ते परवा कळलं.
रात्री अकराला नायकवडींच्या स्वयंपाकघरात
फवाऱ्याचा आवाज, मग चपलेचा, मग खोकला.
मी भिंतीला कान लावला.
मिनिटाला चौदा.

सकाळी खिशात वॉशर टाकला, रुमाल घेतला, बेल दाबली.
"मीटर बघायला? तुम्ही रिटायर झालात ना?"
"झालो," म्हटलं.
"सिंकखालचं दार उघडा."